वॉट किती, हे शेवटी विचारा

विद्यार्थी मित्रांनो, देवळाजवळ किंवा लग्नाच्या मांडवाबाहेर उंच बांबूला बांधलेला भोंगा तुम्ही पाहिलाच असेल. त्याला जोडलेला अँप्लिफायर पुष्कळदा तीस-चाळीस वॉटचाच असतो. तेवढ्यावर भोंग्याचा आवाज गाव ओलांडून शिवारात काम करणाऱ्या माणसापर्यंत पोहोचतो. आता तेवढ्याच वॉटचा दुसरा अँप्लिफायर घरातल्या चांगल्या, लहानशा पेटीच्या स्टिरिओ स्पीकरांना जोडा. बारा फुटांच्या खोलीतसुद्धा आवाज थोडा वाढवला आणि तबल्यावर जोरकस थाप पडली की आवाज चिरकतो. वॉट तेच, मग असे का व्हावे?

हा प्रश्न केवळ गमतीचा नाही. आपल्या वर्धा जिल्ह्यात दिवाळीनंतर कापसाचे पैसे हाती आले की घराघरांत वर्षभर पुढे ढकललेली खरेदी निघते. त्यात कधी गाण्याची यंत्रणाही असते. घरातला मोठा भाऊ वर्ध्याच्या किंवा नागपूरच्या दुकानात जातो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, ‘किती वॉटचा आहे?’ ज्याच्या खोक्यावर मोठा आकडा, तो अँप्लिफायर घरी येतो. पुढे सहा महिन्यांत एखाद्या स्पीकरचा बारीक आवाज काढणारा भाग जळतो, नाहीतर भर उन्हाळ्यात अँप्लिफायर मध्येच बंद पडू लागतो. मग घरात सगळे म्हणतात, ‘माल खराब निघाला.’ माल खराब असेलही. पण बरेचदा निवडच चुकीच्या प्रश्नापासून सुरू झालेली असते.

हिंगणघाटच्या बाजारात कापसाची गाडी आली तर व्यापारी नुसता ढीग पाहून भाव बोलतो का? तो कापूस मुठीत दाबून पाहतो, ओलावा तपासतो, धाग्याची लांबी बघतो आणि मग आकडा सांगतो. ओलाव्याशिवाय क्विंटलच्या आकड्याला अर्थ नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळते. माझे म्हणणे एवढेच आहे की जी चौकसपणाची सवय आपण कापसाला लावतो, तीच वॉटला लावा. अँप्लिफायर निवडताना आधी स्पीकर काय मागतो ते पाहा. वॉटचा आकडा शेवटी विचारा, आणि तोही कोणत्या अटींवर मोजला हे विचारूनच.

भोंगा आणि पेटी

प्रथम भोंग्याचे कोडे सोडवू. स्पीकरमध्ये चुंबकाच्या फटीत तारेची एक कॉइल असते. तिच्यातून प्रवाह गेला की ती मागेपुढे हलते, तिला चिकटलेला कागदी शंकू हलतो आणि हवा ढकलली जाते. पण हवा फार विरळ असते. नदीत काठी फिरवली तर पाणी तिच्या बाजूने निसटून जाते आणि जोर लागतच नाही. वल्हे फिरवले तर पाणी पकडीत येते. भोंग्याचा निमुळत्यापासून रुंद होत जाणारा कर्णा हे वल्ह्याचे काम करतो. तो हवेवर पकड मिळवून देतो आणि आवाज एका दिशेला केंद्रितही करतो.

ही पकड मोजण्याची सोय आहे. स्पीकरला एक वॉट शक्ती द्यायची आणि समोर एक मीटर अंतरावर आवाज किती डेसिबेल भरतो ते पाहायचे. या आकड्याला स्पीकरची संवेदनक्षमता म्हणतात. सभेच्या भोंग्याची संवेदनक्षमता १०५ डेसिबेलच्या आसपास असते, तर घरगुती लहान पेटीची ८४ ते ८८. वीस डेसिबेलचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण डेसिबेलचे गणित बेरजेचे नसून पटीचे आहे. दर दहा डेसिबेलला शक्ती दहापट होते. म्हणजे वीस डेसिबेलला शंभरपट! तीस वॉटच्या भोंग्याची बरोबरी करायला ८५ डेसिबेलच्या घरगुती स्पीकरला तीन हजार वॉट द्यावे लागतील. अर्थात तेवढे दिले तर क्षणात त्याची राख होईल, हा भाग वेगळा.

स्वातंत्र्यपूर्व काळातील सभांची छायाचित्रे पाहा. गांधीजी आणि नेहरू यांच्यासमोरच्या मायक्रोफोनवर ‘शिकागो रेडिओ’ अशी पाटी दिसते. नाव परदेशी असले तरी ती मोटवाने कुटुंबाची मुंबईची कंपनी होती. तेव्हाचे अँप्लिफायर व्हॉल्व्हचे आणि आजच्या मानाने फारच कमी शक्तीचे होते. तरी हजारो लोकांपर्यंत शब्द पोहोचले, ते कर्ण्यांमुळे.

मग घरात भोंगाच का लावू नये? कारण भोंगा फक्त मधल्या पट्टीतला आवाज जोरात काढतो. शब्द कळतात, पण तंबोऱ्याचा भरणा, डग्ग्याची घुमक आणि झांजेची किणकिण नाहीशी होते. १९२५ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी कर्णा नसलेल्या, शंकू आणि कॉइल असलेल्या स्पीकरचे संशोधन प्रसिद्ध केले. आज तुमच्या घरातला जवळजवळ प्रत्येक स्पीकर त्याच कुळातला आहे. आवाज कितीतरी खरा झाला, पण कर्णा गेल्यामुळे जास्त शक्ती लागू लागली. म्हणून १९२६ साली तो स्पीकर बाजारात आला, तो आपला अँप्लिफायर पोटात घेऊनच! त्याची शक्ती होती सुमारे एक वॉट. स्पीकरच्या मागणीनुसार अँप्लिफायर जन्माला आला, ही गोष्ट लक्षात ठेवा. आपण आज नेमका उलटा क्रम लावतो.

पेटी लहान हवी, खोल खर्ज हवा आणि संवेदनक्षमताही जास्त हवी, या तीन गोष्टी निसर्ग एकत्र देत नाही. कोणत्याही दोन घ्या, तिसरी सोडा. लहान पेटीतून खोल खर्ज काढायचा तर संवेदनक्षमता सोडावी लागते. अशा ८४ डेसिबेलच्या स्पीकरला शंभर वॉट दिले तर त्यातून हवेत आवाज म्हणून जाते जेमतेम ०.१६ वॉट शक्ती. उरलेले सगळे कॉइल आणि चुंबक तापवण्यात खर्च होते. असे स्पीकर वाईट नसतात. ते मागणारे असतात, एवढेच.

वॉटचा हिशेब

समजा, पुण्याहून बदली होऊन आलेल्या तुमच्या काकांनी असे ८४ डेसिबेलचे दोन स्पीकर तुम्हांला दिले. तुम्ही त्यांच्यापासून दोन मीटरवर बसता. एक मीटरचे दोन झाले की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबेलने उतरतो. पण स्पीकर दोन आहेत आणि खोलीच्या भिंतीही आवाज परत पाठवतात. त्यामुळे तो तोटा जवळजवळ भरून निघतो. म्हणजे प्रत्येकी एक वॉटला तुमच्या कानाशी ८४ डेसिबेल असे ढोबळ मानाने धरू.

आता किती मोठ्याने ऐकायचे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबेलचा आवाज मोठ्यांनी आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबेलची आहे. आपण सरासरी ८० धरू. ८४ पेक्षा ते चार डेसिबेल कमी आहे, म्हणून लागणारी शक्ती निघते ०.४ वॉट. होय, अर्ध्या वॉटपेक्षाही कमी!

‘मग सर, चाळीस वॉट कशाला?’ असे तुम्ही विचाराल. कारण संगीत सरासरीने वाजत नाही. विलंबित ख्यालात तंबोरा संथ चाललेला असतो आणि मध्येच तबल्याची खणखणीत थाप पडते. ती थाप क्षणभरच असते, पण चांगल्या ध्वनिमुद्रणात सरासरीपेक्षा पंधरा ते वीस डेसिबेलने वर जाऊ शकते. वीस डेसिबेल म्हणजे शंभरपट. ०.४ चे शंभरपट ४०. म्हणजे त्या एका क्षणासाठी चाळीस वॉट शिल्लक हवेत. तुमचे स्पीकर ९० डेसिबेलचे असते तर हाच हिशेब दहा वॉटवर आटोपला असता. आकडेमोड स्वतः करून पाहा.

तेव्हा अँप्लिफायरची शक्ती रोज मोठ्याने वाजवण्यासाठी नसून थाप न चिरकता निघावी म्हणून असते. ती थाप त्याला पेलली नाही तर काय होते? त्याच्याजवळ जेवढे व्होल्ट आहेत तिथे लाटेचा माथा कापला जातो. गोल माथ्याची लाट चौकोनी होऊ लागते. तेवढ्याच उंचीची पूर्ण चौकोनी लाट मूळ लाटेच्या दुप्पट शक्ती वाहते. म्हणजे चाळीस वॉटचा अँप्लिफायर फार ताणला तर ऐंशीपर्यंत वॉट ओतू शकतो. शिवाय माथा कापताना मूळ आवाजात नसलेल्या उच्च वारंवारता तयार होतात, आणि त्या जातात बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरकडे. त्याची केसासारखी बारीक कॉइल सतत जेमतेम काही वॉट सोसते. म्हणून लहान अँप्लिफायर पूर्ण ताणून वाजवणे हे पुरेशा मोठ्या अँप्लिफायरपेक्षा पुष्कळदा अधिक घातक ठरते.

यावर कोणी म्हणेल, ‘मग चाळीस कशाला, दोनशेच घेऊ!’ पैशाची ददात नसेल तर घ्या. पण चाळीसचे ऐंशी वॉट केल्याने आवाज फक्त तीन डेसिबेलने वाढतो, आणि तो कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबेल लागतात, म्हणजे दहापट शक्ती! वॉटच्या मागे धावणे किती महाग आहे ते यावरून दिसेल. स्पीकर अजून घ्यायचे असतील आणि पैसे बेताचे असतील, तर माझा सल्ला असा की जास्त संवेदनक्षम स्पीकर घ्या आणि अँप्लिफायर लहान घ्या. स्पीकर घरात आधीच असतील, तर मात्र पुढचे वाचा.

आठ ओहम, पण कुठे?

स्पीकरच्या मागे ‘८ ओहम’ असे लिहिलेले असते. कॉइलला मल्टिमीटर लावून पाहा; साधारण सहा ओहम दिसतील. मग आठ कुठले? स्पीकर हा साधा रोध नाही. त्याची अडवणूक प्रत्येक वारंवारतेला वेगळी असते. म्हणून तिला रोध न म्हणता संरोध म्हणतात. एकच पेटी एका सुराला तीस ओहम दाखवील आणि दुसऱ्या सुराला तीन. खोक्यावरचे आठ हे नावापुरते असतात.

याचे परिणाम ओहमच्या नियमाने काढता येतात. आठ ओहमला चाळीस वॉट देताना अँप्लिफायर सुमारे १८ व्होल्ट लावतो आणि प्रवाह जातो सव्वादोन अँपिअर. सूर बदलला आणि संरोध तीन ओहमवर उतरला की तेवढेच १८ व्होल्ट सहा अँपिअर प्रवाह मागतात. लाटेच्या माथ्याशी तर ही मागणी साडेआठ अँपिअरच्या जवळ जाते. रिकामी बंडी सपाट रस्त्यावर कोणताही बैल पळवतो. कापसाने भरलेली बंडी चढावर ओढताना त्याची खरी ताकद कळते. अँप्लिफायरचा चढ म्हणजे कमी ओहम. १९८० च्या दशकात अमेरिकेत अपोजी कंपनीचा ‘सिंटिला’ नावाचा स्पीकर निघाला होता. त्याचा संरोध होता एक ओहमच्या घरात! चांगले नावाजलेले अँप्लिफायरही त्याच्यापुढे हात टेकत. त्यांच्या वॉटमध्ये खोट नव्हती. तेवढा प्रवाह पुरवण्याची कुवत त्यांच्यात नव्हती.

आणखी एक भानगड आहे. मोकळा पडलेला एखादा जुना स्पीकर घ्या. तो कशालाही जोडलेला नको. त्याच्या शंकूवर बोटाने हलकी टिचकी मारा आणि आवाज ऐका. आता त्याची दोन्ही टोके तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडा आणि पुन्हा टिचकी मारा. मोठ्या स्पीकरमध्ये फरक स्पष्ट कळेल. पहिल्यांदा शंकू ‘डुब्ब’ असा घुमतो, दुसऱ्यांदा चटकन थांबतो. हे फॅरेडेचे काम आहे. हलणारी कॉइल चुंबकाच्या फटीत स्वतःच वीज निर्माण करते आणि वाट मिळताच तो प्रवाह हालचालीला विरोध करतो. म्हणजे स्पीकर नुसता वीज घेत नाही, उलट पाठवतोही.

झोका देणाऱ्याचा विचार करा. झोका परत फिरताना नेमका धक्का दिला तर श्रम कमी. झोका अंगावर येत असताना धक्का दिला तर हात दुखतात आणि झोका वाढत नाही. तसेच इथे व्होल्ट आणि अँपिअर यांची पावले जुळत नाहीत तेव्हा होते. अँप्लिफायर प्रवाह देत राहतो, पण स्पीकर ती शक्ती घेत नाही. मग ती जाते कुठे? अँप्लिफायरच्या ट्रान्झिस्टरांतच उष्णता म्हणून साठते. कमी ओहम आणि न जुळणारी पावले या दोन्ही गोष्टी ज्या स्पीकरात एकत्र येतात, तो खरा मागणारा स्पीकर.

तिसरी मागणी खर्जाची. डॉ. अमर बोस हे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचे वडील कलकत्त्याहून अमेरिकेत गेलेले क्रांतिकारक. अमर बोस लहानपणी व्हायोलिन शिकले होते. १९५६ साली एमआयटीत शिकत असताना त्यांनी तांत्रिक आकडे पाहून एक स्टिरिओ संच विकत घेतला, आणि त्यातून निघणारा व्हायोलिनचा आवाज ऐकून त्यांची घोर निराशा झाली. आकडे उत्तम असताना असे का, या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता १९६४ साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली. १९६८ साली आलेल्या त्यांच्या ९०१ या स्पीकरात नऊ लहान स्पीकर होते. त्यातून खर्ज यावा म्हणून सोबतचे उपकरण खालचे आणि वरचे सूर आधीच वाढवून अँप्लिफायरकडे पाठवी. आता तुम्हीच सांगा, खर्ज दहा डेसिबेलने वाढवला तर अँप्लिफायरवर त्या सुरापुरता भार किती पडेल? दहापट! घरच्या अँप्लिफायरवरचे ‘बास’चे बटन शेवटपर्यंत फिरवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

वर्ध्याचा मे महिना

आता असा मुद्दा, जो परदेशी माहितीपत्रकात तुम्हांला सापडणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. अँप्लिफायरच्या मागे किंवा बाजूला ॲल्युमिनियमच्या पात्यांचा हीट सिंक असतो. समजा, ट्रान्झिस्टरांत चाळीस वॉट उष्णता निघते आहे आणि हीट सिंक दर वॉटला एक अंश तापतो. खोली २५ अंशांवर असेल तर तो ६५ अंशांवर स्थिरावेल. वर्ध्याच्या मे महिन्यात तो जाईल ८५ वर, आणि अँप्लिफायर बंद शोकेसमध्ये ठेवला असेल तर त्याच्याही पुढे.

ट्रान्झिस्टरचे स्वतःचे आकडेही अटींनी बांधलेले असतात. २एन३०५५ हा जुना, दणकट आणि पुष्कळांच्या ओळखीचा ट्रान्झिस्टर घ्या. त्याच्या माहितीपत्रकात ‘११५ वॉट’ उष्णता सोसण्याची क्षमता दिलेली असते. पण त्याचे कवच २५ अंशांवर असेल तर! पुढे दर अंशाला सुमारे ०.६६ वॉट वजा करायचे असतात. कवच ८५ अंशांवर गेले की उरतात फक्त ७५ वॉट. आकडा खोटा नव्हता. अट वाचायची राहिली होती.

विजेचेही तेच. वॉटचे माप २३० व्होल्टवर घेतलेले असते. संध्याकाळी गावात व्होल्टेज १८० वर उतरले, तर साध्या बांधणीच्या अँप्लिफायरमधला आतला विद्युत्दाबही त्याच प्रमाणात उतरतो, आणि शक्ती दाबाच्या वर्गाप्रमाणे घटते. चाळीस वॉटचे सुमारे साडेचोवीस होतात. म्हणून मी म्हणतो, आपल्या भागात अँप्लिफायर घेताना मोठा ट्रान्सफॉर्मर, भरपूर पात्यांचा हीट सिंक आणि हवा खेळायला मोकळी जागा यांवर पैसे खर्च करावेत; नाचणाऱ्या दिव्यांवर नव्हेत. चांगला ट्रान्सफॉर्मर जड असतो. जुन्या बांधणीच्या दोन अँप्लिफायरांत निवड करायची झाली, तर दोन्ही उचलून पाहणे ही भाबडी वाटणारी कसोटीसुद्धा खोक्यावरच्या आकड्यापेक्षा बरी. आजच्या स्विचिंग पद्धतीच्या आणि ‘क्लास डी’ अँप्लिफायरांना मात्र ती लावू नका. ते हलके असूनही कामाचे असू शकतात, कारण त्यांत उष्णताच कमी निघते. त्यांनाही प्रश्न तेच विचारायचे.

पाठीवरची पट्टी

‘१५०० वॉट पीएमपीओ’ अशी अक्षरे तुम्ही काही खोक्यांवर वाचली असतील. या मापाची सर्वमान्य अशी व्याख्याच नाही. अतिशय अल्प क्षणासाठी, आवाज कितीही बिघडला तरी चालेल असे धरून काढलेला तो आकडा असतो. त्याची परीक्षा घ्यायला प्रयोगशाळा नको. यंत्र उलटे करा आणि मागच्या पट्टीवर ते विजेच्या तारेतून किती वॉट घेते ते वाचा. तिथे ‘३० वॉट’ असेल, तर तीस वॉट आत घेणारे यंत्र सतत दीड हजार वॉट बाहेर कसे टाकील? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आठवी-नववीचे विद्यार्थी तोंडपाठ म्हणून दाखवतात. दुकानात मात्र तो कुणालाच आठवत नाही. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस वॉट सतत द्यायचे असतील तर नेहमीच्या पद्धतीचा अँप्लिफायर पूर्ण भाराला विजेच्या तारेतून सव्वाशे वॉट किंवा त्याहून जास्त घेणारच.

अमेरिकेत १९७४ साली सरकारनेच नियम केला की घरगुती अँप्लिफायरच्या वॉटची जाहिरात करताना तो आकडा किती ओहमवर, कोणत्या वारंवारतांमध्ये आणि किती विकृतीसह मिळतो हेही सांगितले पाहिजे. २०२४ साली तो नियम पुन्हा सुधारण्यात आला. म्हणजे आकड्यांची ही फुगवाफुगवी जगभरची आहे. पण नियम कुणी केला नाही म्हणून ग्राहकाने प्रश्न विचारू नयेत असे थोडेच आहे?

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी घरच्या स्पीकरची संवेदनक्षमता आणि संरोध एका कागदावर उतरवून घ्या. वर केला तसा हिशेब करून आपल्याला किती वॉट लागतात ते काढा. मग दुकानदाराला विचारा. हे वॉट सतत मिळणारे आहेत का, आणि दोन्ही बाजू एकदम चालू असताना मिळतात का? आठ ओहमला किती आणि चार ओहमला किती? (आठला चाळीस आणि चारला ऐंशीच्या जवळ असतील तर अँप्लिफायरची प्रवाह देण्याची कुवत चांगली. चारला जेमतेम पन्नास असतील तर मागणाऱ्या स्पीकरांसाठी तो नव्हे. ‘चार ओहम जोडू नये’ असे लिहिले असेल तर विषयच संपला.) विकृती किती? हीट सिंक कुठे आहे? शेवटी आपल्या ओळखीचे एखादे गाणे, तबला आणि तंबोरा दोन्ही असलेले, आपल्याच स्पीकरांवर अर्धा तास वाजवून पाहा आणि मग हीट सिंकला हात लावा. हात ठेववत नसेल तर मे महिना आठवा.

काही लोक म्हणतात, आकडे सोडा, कानाला गोड वाटते ते घ्या. कानाचे मत मीही शेवटचे मानतो. बोस यांची गोष्ट तेच सांगते. पण दुकानातल्या थंड हवेत, दुकानदाराच्या सोप्या स्पीकरांवर, दोन मिनिटे ऐकून कान जे सांगतो ते घरी मे महिन्यात खरे ठरेलच असे नाही. आकड्यांनी अयोग्य माल बाजूला काढावा आणि उरलेल्यांतून कानाने निवड करावी, हा क्रम मला योग्य वाटतो.

मित्रांनो, अँप्लिफायर तुम्ही आज घ्याल, दहा वर्षांनी घ्याल किंवा कधीच घेणार नाही. पण उद्या बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीचा आकडा असेल, पंपावर अश्वशक्तीचा असेल, मोटारसायकलीच्या जाहिरातीत एका लिटरला किती किलोमीटर हा आकडा असेल. प्रत्येक ठिकाणी ‘कोणत्या अटींवर?’ हा एकच प्रश्न विचारायचा आहे. घरात चार माणसांच्या कष्टाचे पैसे खर्च होताना भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी गप्प बसू नये. पुढच्या वेळी मोठा भाऊ खरेदीला निघाला की त्याच्यासोबत जा, आणि तो ‘किती वॉट?’ असे म्हणण्याआधीच तुम्ही विचारा, ‘किती ओहमवर?’ दुकानदार क्षणभर तुमच्याकडे पाहत राहील. मग जो माल तो खालच्या फळीवरून काढील, तो नीट पाहा.